‘हो सर’ या उत्तरापुढे काय विचारावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्रीडाशास्त्राची पदवी आणि स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचे (खेळाडूंची ताकद आणि शारीरिक क्षमता वाढवण्याच्या प्रशिक्षणाचे) प्रमाणपत्र घेतलेला एक तरुण प्रशिक्षक पश्चिम महाराष्ट्रातील एका निवासी कबड्डी केंद्रात रुजू झाला आहे. त्याच्याकडे सोळा ते बावीस वयाची मुले-मुली आहेत. खेळाडू त्याच्या सूचना निमूटपणे ऐकून घेतात, ‘हो सर’ म्हणतात आणि व्यायामाच्या पुढच्या सेटला, म्हणजे फेरीला, तीच चूक करतात. दुखणे शेवटपर्यंत लपवतात. शिवाय जिममध्ये त्याने जे सांगितले त्याच्या उलट मुख्य प्रशिक्षक संध्याकाळी मैदानावर सांगतात. आपले बोलणे नेमके कोठे कमी पडते, असे त्याने विचारले आहे.

माझे उत्तर असे, की आपण काय सांगता याचा विचार करण्याआधी खेळाडू आपल्याला काय सांगत नाही, याचा विचार करावा. ‘हो सर’ या दोन शब्दांतून आपल्याला काहीच कळत नाही. मुलाला समजले, समजले नाही, त्याची मांडी ओढली गेली आहे, तो रात्रभर झोपला नाही किंवा त्याला फक्त लवकर सुटायचे आहे, या सगळ्यांसाठी तो तेच उत्तर देतो. मुख्य प्रशिक्षकाच्या तुलनेत आपले काम अधिक अवघड आहे ते येथेच. कोपरारक्षकाने (कोपऱ्यात उभ्या बचावपटूने) पकड चुकवली तर ती सर्वांना दिसते; पण हॅमस्ट्रिंगमध्ये, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूत, आलेला ताण, साचलेला थकवा किंवा वजनाची भीती खेळाडूने सांगितल्याशिवाय कळत नाही. आपला सगळा आराखडा त्याच्या खऱ्या उत्तरावर उभा असतो.

मुले गप्प का राहतात, हे समजून घेतले पाहिजे. वस्तादांपुढे उलट बोलायचे नाही हा तालमीचा संस्कार कबड्डीतही आहे, आणि त्यातील आदराचा भाग मला मोलाचा वाटतो. पण गप्प राहण्यामागे केवळ आदर नसतो, हिशेबही असतो. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतील प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे क्रीडागुण, शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण, पोलीस किंवा रेल्वेच्या संघातील जागा अवलंबून असते. घरची शेती दोन एकर असलेल्या मुलाने निवड चाचणीच्या आधी आठ दिवस ‘गुडघा दुखतो’ असे सांगितले, तर त्याच्या दृष्टीने तो स्वतःच्या हाताने आपले नाव खोडत असतो. अशा मुलाला ‘तू प्रामाणिक नाहीस’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला आधी हे कळले पाहिजे, की आपल्याला सांगितलेली गोष्ट पुढे कोणाकडे जाते.

म्हणून केंद्रात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मुख्य प्रशिक्षक आणि फिजिओ यांच्यासोबत बसून एक गोष्ट ठरवून घ्यावी आणि ती सर्व खेळाडूंना उभ्या उभ्या नव्हे, बसवून सांगावी: झोप, थकवा, अंगदुखी यांविषयी सांगितलेले सर्व सरावाचा भार ठरवण्यासाठी वापरले जाईल, दुखापतीची माहिती फिजिओकडे जाईल, निवडीच्या बैठकीत कोणती माहिती मांडली जाईल आणि कोणती नाही, हे अगदी स्पष्ट. जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. ‘मला सांगितलेले कोणालाच कळणार नाही’ असे म्हणून नंतर ते मुख्य प्रशिक्षकांना सांगावे लागले, तर त्या मुलासोबत त्याच्या खोलीतील बाकीची मुलेही आपल्याशी मोकळे बोलणे थांबवतात. वसतिगृहात बातमी रात्रीच्या जेवणाआधी पोहोचते.

यानंतर प्रश्न विचारण्याची पद्धत. ‘बरा आहेस ना?’ या प्रश्नातच उत्तर दिलेले आहे. त्याऐवजी आकडा मागावा. मी सकाळी चार गोष्टी १ ते ५ या मोजपट्टीवर विचारते: झोप, थकवा, अंगदुखी आणि मनःस्थिती. सत्र संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने, अंग थंड झाल्यावर, ० ते १० या मोजपट्टीवर संपूर्ण सत्र किती जड गेले ते विचारते. ही पद्धत अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली. खेळाडूने दिलेला आकडा सत्राच्या मिनिटांनी गुणला, की त्या दिवसाचा भार मिळतो; साठ मिनिटांचे सत्र आणि ७ हा आकडा म्हणजे ४२०. या पद्धतीला वही आणि पेन एवढेच साहित्य लागते, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीही ती चालते. मात्र दोन पथ्ये आहेत. आकडा एकेकट्याला विचारावा, कारण रांगेत विचारले तर पहिल्याने ‘पाच’ म्हटल्यावर मागचे सगळे पाचच म्हणतात. आणि मोजपट्टीवरील शब्द मुलांकडूनच घ्यावेत. ३ म्हणजे ‘मध्यम’ असे छापून देण्यापेक्षा ‘बोलत बोलत झाले’ हे त्यांना लगेच कळते. एका मुलीने ९ साठी ‘जिना चढवणार नाही’ असे सुचवले होते आणि तेच पुढे सर्वांनी वापरले.

या आकड्यांचे पुढे काही झाले नाही, तर महिनाभरात खेळाडू सवयीने ३ लिहू लागतात. ज्या दिवशी एखाद्याने झोप १, म्हणजे अगदी वाईट, सांगितली, त्याच दिवशी त्याचा एक सेट कमी करावा आणि का कमी केला ते त्याला सांगावे. आपल्या बोलण्याने काहीतरी बदलते हे त्याला एकदा दिसले, की पुढची माहिती मागावी लागत नाही. एखादा मुलगा या सवलतीचा गैरफायदा घेईल अशी शंका अनेक प्रशिक्षक घेतात. क्वचित असे होते. पण आठवड्याचे आकडे समोर असले की तेही दिसते, आणि एक सेट कमी झाल्याचे नुकसान फाटलेल्या स्नायूच्या नुकसानीपुढे काहीच नाही.

आता ‘तीच चूक पुन्हा करतात’ या तक्रारीकडे येते. आपण कदाचित एका वेळी फार सांगत आहात. पदवीच्या अभ्यासक्रमात शरीररचना शिकलेली असल्यामुळे ‘गुडघे बाहेर, छाती वर, पोट घट्ट, कंबर मागे, टाचांवर वजन’ असे सारे एका दमात तोंडून निघते. वजन खांद्यावर घेतलेल्या मुलाला त्यातील फार तर एक गोष्ट धरता येते. एका सेटसाठी एकच सूचना द्यावी, ती सेट सुरू होण्याआधी द्यावी, आणि सेट चालू असताना गप्प राहावे.

ती एक सूचना कशी असावी, याविषयी संशोधन बरेच स्पष्ट आहे. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या आणि नंतर इतरांनी अनेक खेळांत पडताळून पाहिलेल्या प्रयोगांत असे दिसले, की लक्ष शरीराच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर किंवा बाहेरच्या एखाद्या वस्तूवर ठेवले, तर कामगिरी आणि शिकणे दोन्ही सुधारतात. उभ्या उडीसाठी ‘गुडघे जोरात सरळ कर’ असे सांगण्यापेक्षा ‘जमीन खाली ढकल’ किंवा ‘त्या दोरीला हात लाव’ हे अधिक उपयोगी पडते. डेडलिफ्टआधी (जमिनीवरून वजनाचा बार उचलण्याच्या व्यायामाआधी) कमरेतून वाकणे शिकवायचे असेल, तर भिंतीपासून वीतभर अंतरावर पाठमोरे उभे करून ‘बसू नको, बूड मागे नेऊन भिंतीला टेकव’ एवढेच सांगावे. तीन-चार प्रयत्नांत मुलगा स्वतः अर्धा पाऊल पुढे सरकतो आणि हालचाल पक्की होते. मांडीच्या मागच्या स्नायूचे नाव घेण्याची गरजच पडत नाही.

सूचना त्यांच्या खेळातून उचलता आली तर उत्तम. चढाईपटूला वेगात धावून थांबायला शिकवताना गुडघ्याचा कोन सांगत बसू नये. निदान रेषेपासून (चढाईत ओलांडावी लागते त्या रेषेपासून) मागे वळून धाव घेऊन मध्यरेषेच्या एक पाऊल पलीकडे, पायांचा आवाज न करता थांबायला सांगावे. आवाज झाला की तो चुकला हे त्याला स्वतःच कळते. कोपरारक्षकाला स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबस) शिकवताना ‘घोटा पकडायला बसतोस तसा बस’ म्हटले की पाठ आणि नितंब आपोआप जागेवर येतात, कारण ही मुद्रा त्याच्या अंगात वर्षानुवर्षे मुरलेली असते.

याच संदर्भात तालमीतून आलेल्या मुलांची एक अडचण सांगते, कारण कोल्हापूर-सांगली भागात ती रोज भेटते. देशी बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, वजन चवड्यांवर येते आणि हात लयीत झुलतात. शेकडो बैठका मारलेल्या मुलाच्या खांद्यावर आपण बार ठेवतो आणि तो तीच ओळखीची हालचाल करतो. येथे ‘टाचा उचलू नको, हे चूक आहे’ असे म्हटले तर तो गोंधळतो, कारण त्याच्या वस्तादांनी तेच बरोबर म्हणून शिकवले आहे, आणि त्या व्यायामाच्या जागी ते बरोबरच आहे. बैठकीला कमी लेखू नये. ‘बैठक तालमीत मारतोस तशीच मार, हा वेगळा व्यायाम आहे, यात टाचेखाली ठेवलेला कागद हलू द्यायचा नाही’ असे सांगून खरोखर कागद ठेवावा. अशा वेळी दहा मिनिटे अधिक गेली तरी चालतील. त्याने आयुष्यभर केलेल्या मेहनतीचा मान राखला गेला, तर पुढचे सगळे ऐकण्याची त्याची तयारी होते.

चूक दिसली की लगेच बोलायचे ही आपल्या पेशाची सवय आहे आणि ती आवरावी लागते. प्रत्येक पुनरावृत्तीनंतर दुरुस्ती मिळत राहिली, तर खेळाडू त्या क्षणी बरोबर करतो, पण आपण नसताना करू शकत नाही. तो स्वतःच्या अंगाकडे लक्ष देण्याऐवजी आपल्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. दोन-तीन सेटनंतर आधी त्याला विचारावे, ‘कोणती रेप (पुनरावृत्ती) चांगली झाली?’ त्याने ‘तिसरी’ म्हटले आणि आपल्यालाही तिसरीच वाटली असेल, तर पुढे काही बोलू नये. वेगळी वाटली तर फोनवर चित्रफीत दाखवावी. अल्पवयीन खेळाडूंच्या चित्रफिती पालकांच्या परवानगीनेच घ्याव्यात, काम झाले की पुसून टाकाव्यात आणि संघाच्या ग्रुपवर कधीही टाकू नयेत. या संयमाला एकच अपवाद आहे: धोका दिसताच बोलावे. त्यासाठी ‘सोड’ हा एकच शब्द पहिल्या दिवशी ठरवून ठेवावा. तो ऐकताच बार खाली टाकायचा, कारण नंतर विचारायचे.

दुखापतीविषयीचे बोलणे हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. एक प्रसंग सांगते. एक उजवा चढाईपटू वॉर्मअपमध्ये सगळ्यांबरोबर होता, पण जिमच्या पायऱ्या उतरताना दर वेळी डावा पाय आधी टाकत होता. बाकीचे आत गेल्यावर मी त्याला दाराशी थांबवले.

‘पाय कसा आहे?’

‘बरा आहे मॅडम.’

‘डावा शंभर टक्के धरला तर उजवा किती?’

तो थोडा थांबला. ‘ऐंशी.’

‘काल सकाळी किती होता?’

‘नव्वद असेल.’

‘आणि कशाने कमी होतो?’

‘बोनसला पाय टाकला की मागं ओढतंय.’

‘कधीपासून?’

‘सांगलीच्या मॅचपासून.’

पहिल्या प्रश्नाला त्याने सवयीने उत्तर दिले. दुसऱ्या प्रश्नासाठी त्याला स्वतःच्या पायाची तुलना करावी लागली, आणि तुलना करताना लपवणे अवघड जाते. शेवटच्या दोन उत्तरांतून फिजिओला तपासणीची दिशा मिळाली. मी हे सर्व इतरांसमोर विचारले असते, तर संभाषण ‘बरा आहे मॅडम’ येथेच संपले असते.

यापुढे काय बोलतो तेही महत्त्वाचे असते. ‘तुझे आठ दिवस खेळणे बंद’ एवढेच ऐकून मुलगा परततो तेव्हा पुढच्या वेळी न सांगण्याचा निश्चय करूनच परततो. त्याला काय करता येईल ते आधी सांगावे: हाताचा आणि पाठीचा व्यायाम आजच, दुखणार नाही एवढ्या ताकदीचे मांडीचे व्यायाम उद्यापासून, धावणे कोणत्या टप्प्यावर, मॅटवर उतरण्याआधी कोणत्या चाचण्या पार करायच्या. अट आकड्यांत असली की ती प्रशिक्षकाची मर्जी वाटत नाही. गुडघ्याच्या एसीएल (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर तर हे फारच आवश्यक आहे. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळले आहे, आणि एवढा काळ खेळाडूला धीर धरायला लावणे हे मुख्यतः संवादाचेच काम आहे. त्या काळात ‘गुडघा कामातून गेला’, ‘आता पूर्वीसारखे होणार नाही’ अशी वाक्ये आजूबाजूला सर्रास उच्चारली जातात. आपल्या तोंडून ती कधीही जाऊ नयेत. भीतीने जपून टाकलेले पाऊल बऱ्या झालेल्या गुडघ्यालाही बेभरवशाचे करते.

वजन हा कबड्डीतील असाच दुखरा विषय आहे. ज्येष्ठ गटात पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा असते, आणि स्पर्धेच्या आधी पाणी तोडून, गरम कपडे घालून धावून वजन उतरवणारी मुले प्रत्येक केंद्रात असतात. ‘वजन बसले का?’ असे विचारू नये, ‘वजन कसे उतरवलेस, कालपासून काय प्यायलास?’ असे विचारावे. सर्वांसमोर वजन करू नये आणि आकडा मोठ्याने वाचू नये, मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही. पुरेसे न खाता मेहनत करत राहिल्याने मासिक पाळी थांबणे, हाडे कमकुवत होणे, वारंवार आजारी पडणे या स्थितीला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये नाव देऊन तिची गंभीर दखल घेतली. तरीही पाळी थांबली म्हणजे मेहनत चांगली चालली आहे, असे समजणाऱ्या मुली मला आजही भेटतात. आपण पुरुष प्रशिक्षक आहात. याविषयी थेट प्रश्न विचारण्यापेक्षा केंद्रातील महिला डॉक्टर, फिजिओ किंवा वसतिगृहाच्या अधीक्षिका यांपैकी एकीकडे ही नोंद सोपवावी, आणि मुलींना एकत्र सांगावे की लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवायचे, त्यामुळे संघातील जागा जाणार नाही. हे वाक्य संकोच न करता, साध्या सुरात म्हणता आले पाहिजे. आपण अडखळलो तर त्या अधिक अडखळतात.

पावडरीच्या डब्यांविषयीही असेच. गावातील जिममधून कोणीतरी दिलेला डबा मुलगा बॅगेत लपवतो, कारण दाखवला तर ओरडा मिळेल हे त्याला ठाऊक असते. उत्तेजक द्रव्य चाचणीत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ‘मला माहीत नव्हते’ म्हणून तो सुटत नाही. म्हणून ‘उघडण्याआधी मला दाखवा, मी रागावणार नाही’ असे सांगावे आणि खरोखर रागावू नये.

मुख्य प्रशिक्षकांशी मतभेदाचा प्रश्न आपण शेवटी लिहिला आहे, पण खेळाडूंच्या दृष्टीने तो पहिला आहे. दोन सर दोन गोष्टी सांगतात तेव्हा मुलगा ज्यांच्या हातात निवड आहे त्यांचे ऐकतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. हा तिढा मुलांमार्फत सुटत नाही. मुख्य प्रशिक्षकांसोबत दररोज सत्राआधी दहा मिनिटे बसावे आणि आपले म्हणणे त्यांच्या खेळाच्या भाषेत मांडावे. ‘आज मज्जासंस्थेचा थकवा जास्त आहे’ याने काही साधत नाही. ‘डाव्या कोपऱ्याचा गडी काल ९ म्हणाला आहे, आज पकडीचा सराव वीस मिनिटेच घेतला तर शनिवारी शेवटच्या पाच मिनिटांत तो पाय टाकेल’ हे त्यांना पटते, कारण त्यांनाही तेच हवे आहे. त्यांचा अनुभव आपल्या पुस्तकांहून जुना आहे, हे मनापासून मानावे. न पटल्यास तेथेच, दार लावून सांगावे. मैदानावर त्यांचाच शब्द अखेरचा राहावा. खेळाडू एकट्याने येऊन ‘सर उगाच पळवतात’ असे म्हणाला, तर त्याला दुजोरा देऊ नये. ‘पाय किती जड आहेत ते मला सांग, मी सरांशी बोलतो’ एवढे म्हणावे आणि त्याच दिवशी बोलावे.

संबोधनाची गोष्ट छोटी आहे, तरी तिचा परिणाम होतो. सोळा वर्षांच्या मुलाला ‘तू’ म्हणणे स्वाभाविक आहे, पण राष्ट्रीय स्पर्धा खेळून परतलेल्या, आपल्याहून वयाने मोठ्या खेळाडूला कनिष्ठांसमोर ‘तुम्ही’ किंवा ‘दादा’ म्हणावे. त्याची चूक दाखवायची ती बाजूला घेऊन. हरयाणा किंवा उत्तर प्रदेशातून आलेली मुले संघात असतील, तर फळ्यावर आकडे आणि चित्रे काढावीत आणि व्यायाम समोरून व बाजूने असा दोनदा करून दाखवावा. नंदुरबारहून आलेल्या, घरी भिलोरी बोलणाऱ्या मुलालाही याचा तितकाच उपयोग होतो.

सुरुवात कोठून करावी असे विचाराल, तर पुढचे दोन आठवडे कोणताही नवा व्यायाम आणू नका. सकाळचे चार आकडे, सत्रानंतरचा एक आकडा आणि एका सेटला एक सूचना एवढेच करा, आणि प्रत्येक खेळाडूशी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे एकट्याने बोला. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन मुख्य प्रशिक्षकांकडे जा आणि पुढच्या महिन्याचा आराखडा तिच्यावरून दोघांनी मिळून ठरवा. एखादा खेळाडू आपण न विचारता, सत्राच्या आधी येऊन ‘सर, आज पाय ओढतोय’ असे म्हणाला, तर तारखेसह त्याची नोंद करा आणि त्याच सत्रात त्याचा भार बदला.